मुदत उलटल्यावर भरपाई कोणाची, किती आणि कशाच्या आधारावर?

बांधकामाची मुदत उलटल्यानंतर उद्भवणाऱ्या पैशाच्या वादांविषयी बरीच पत्रे साठली होती. त्यांतील निवडक प्रश्न ओळख पटेल असा तपशील वगळून आणि थोडक्यात मांडून येथे घेतले आहेत. उत्तरे भारतातील कायद्याला धरून आहेत. प्रत्येक करारातील शब्द वेगळे असतात, त्यामुळे वकिलाकडे जाताना मूळ करार, सर्व मुदतवाढीची पत्रे आणि शेवटचे बिल सोबत न्यावे.

प्रश्न : आमच्या शैक्षणिक संस्थेने वसतिगृहाच्या बांधकामासाठी एका ठेकेदाराशी ४ कोटी ८० लाख रुपयांचा करार केला. उशीर झाल्यास दर आठवड्याला कराराच्या रकमेच्या अर्धा टक्का, आणि एकूण दहा टक्क्यांपर्यंत, रक्कम कापण्याची तरतूद त्यात आहे. काम २६ आठवडे उशिरा पूर्ण झाले. अंतिम बिलातून ४८ लाख रुपये कापत असल्याचे कळवताच ठेकेदाराने 'तुमचे नुकसान किती झाले ते आधी दाखवा' असे उत्तर दिले. करारात आकडा लिहिलेला असताना नुकसान दाखवण्याची गरज आहे काय? मधल्या काळात आम्ही त्याला दोनदा मुदतवाढ दिली होती आणि स्वयंपाकघराचा नकाशा एकदा बदलला होता.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, पण या वादाचा निकाल बहुधा त्याच वाक्यावर लागेल. त्याकडे येण्यापूर्वी आकड्याचा प्रश्न पाहू.

आपल्या दराने २६ आठवड्यांचे ६२ लाख ४० हजार रुपये होतात आणि कमाल मर्यादेमुळे ते ४८ लाखांवर थांबतात. ही रक्कम आपोआप आपली होते, असा अनेक मालकांचा समज असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये तसे म्हटलेले नाही. करारात रक्कम नमूद असेल तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो, नुकसान सोसणाऱ्या पक्षाला त्या रकमेच्या मर्यादेत 'वाजवी भरपाई' मिळते, असे ते कलम सांगते. म्हणजे ४८ लाख ही छताची उंची आहे. इंग्लंडमध्ये 'दंड' आणि 'नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज' यांत भेद करून दंडाचे कलम निकामी ठरवण्याची परंपरा होती. आपल्या कायद्याने त्या वादाला बगल देऊन दोन्हींना वाजवीपणाची एकच कसोटी लावली, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात स्पष्ट केले.

मग 'नुकसान सिद्ध झालेले असो वा नसो' या शब्दांचा उपयोग काय? ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या २००३ च्या निकालात पोलादी नळ्यांचा पुरवठा उशिरा झाला होता आणि करारातील रक्कम कापून घेण्यात आली होती. नुकसान सिद्ध केले नाही म्हणून लवादाने ती कपात नाकारली, पण सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा रद्द केला. आकडा हा प्रामाणिक पूर्वअंदाज असेल आणि तो अवाजवी किंवा दंडात्मक नसेल, तर कागदोपत्री पुराव्याचा हट्ट धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालाने दुसरी बाजू ठळक केली : कलम ७४ लागू होण्यासाठी मुळात काही नुकसान झालेले असले पाहिजे, आणि ते मोजता येण्यासारखे असेल तर मोजून दाखवले पाहिजे. मोजणे अवघड किंवा अशक्य असेल तेव्हाच करारातील आकड्याचा थेट आधार मिळतो.

आपले प्रकरण कोणत्या बाजूला पडते? एखादा सार्वजनिक पूल सहा महिने उशिरा खुला झाला तर जनतेचे किती रुपयांचे नुकसान झाले, हे कोणालाच नीट सांगता येणार नाही. तेथे करारातील आकडा बरेच काम करतो. वसतिगृहाचे तसे नाही. विद्यार्थिनींसाठी बाहेर भाड्याने घेतलेली जागा, तेथील पहारेकरी, वास्तुविशारदाला द्यावे लागलेले जादा शुल्क, कर्ज काढले असल्यास त्या महिन्यांचे व्याज, न मिळालेले वसतिगृह शुल्क, हे सर्व आपल्या हिशेबवहीत असणार. ते मांडा. बेरीज १९ लाख येत असेल, तर ४८ लाखांचा आग्रह लवादापुढे टिकवणे कठीण जाईल. ६० लाख येत असेल तरी ४८ लाखांच्या वर काही मिळणार नाही. ही कमाल मर्यादा ठेकेदाराच्या संरक्षणासाठी असते आणि निविदेतील दर ठरवताना त्याने ती गृहीत धरलेली असते.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळू. करार कायद्याच्या कलम ५५ नुसार, मुदत हे कराराचे सार असताना, म्हणजे ती चुकल्यास करार रद्द करता येत असताना, मालकाने उशिराचे काम स्वीकारले, तर त्या उशिराची भरपाई मागण्याचा इरादा स्वीकारतानाच कळवलेला असावा लागतो. हे शब्द सार असलेल्या मुदतीपुरते आहेत, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. आपल्या दोन्ही मुदतवाढीच्या पत्रांत 'विलंबाच्या भरपाईचा आमचा हक्क राखून' अशा अर्थाचे वाक्य असेल तर आपली बाजू बळकट आहे. पत्र केवळ 'आपली विनंती मान्य करून मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवण्यात येत आहे' एवढेच असेल, तर ठेकेदार म्हणेल की ती तारीख हीच नवी मुदत झाली आणि त्याआधीच्या आठवड्यांची कपात मालकाने स्वतःच सोडून दिली. असे म्हणण्यात तथ्य आहे.

स्वयंपाकघराचे काय? नकाशा बदलल्याने काम किती आठवडे थांबले, हे वास्तुविशारदाकडून काढून घ्या आणि तेवढे आठवडे २६ मधून वजा करूनच मागणी करा. स्वतःमुळे झालेल्या उशिराची भरपाई दुसऱ्याकडून घेता येत नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या पीक विरुद्ध मॅकिनी प्रकरणापासून तर असेही मानले जाते की मालकामुळे उशीर झाला आणि त्यासाठी मुदत वाढवण्याची सोय करारातच नसेल, तर ठरलेली मुदतच गळून पडते आणि तिच्यासोबत आठवड्याचा दरही जातो. आपल्या करारात मुदतवाढीचे कलम आहे की नाही, ते आधी पाहा.

एक सावधगिरी कपातीच्या पद्धतीविषयी. 'विलंब झाला की नाही हे मालक ठरवील आणि त्याचा निर्णय अंतिम राहील' असे वाक्य पुष्कळ करारांत असते. कराराचा भंग झाला हेच ठेकेदार नाकारत असेल, तर एक पक्ष स्वतःच्या दाव्याचा न्यायाधीश होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध श्री रामेश्वर राइस मिल्स या प्रकरणात सांगितले आहे. रक्कम रोखून धरण्याचा हक्क करारात असेल तर ती रोखा, पण तिची अंतिम मालकी लवाद किंवा न्यायालय ठरवील हे गृहीत धरून चाला.

प्रश्न : मी नोंदणीकृत ठेकेदार आहे. एका सरकारी खात्याकडून पाण्याची टाकी आणि पंपगृह बांधण्याचे ३ कोटी ६० लाखांचे काम बारा महिन्यांच्या मुदतीने घेतले. जागेवरून जाणारी उच्चदाबाची वीजवाहिनी हलवून देण्यात खात्याने सात महिने घालवले. करारात 'खात्याकडून उशीर झाल्यास मुदतवाढ मिळेल, भरपाई मिळणार नाही' असे कलम आहे. शिवाय प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी 'जादा रक्कम मागणार नाही' असे हमीपत्र घेतले गेले. ते दिले नसते तर रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने मिळणारे बिल, अडले असते. एका सल्लागाराने हडसन सूत्राने २१ लाख रुपये निघतात असे सांगितले आहे. ते मिळतील काय?

उत्तर : प्रामाणिकपणे सांगायचे तर सूत्र हा आपल्या दाव्यातील सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याआधी ओलांडायचे दोन अडथळे मात्र आपल्याला वाटतात तितके अभेद्य नाहीत.

पहिला अडथळा 'भरपाई नाही' या कलमाचा. यावर निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. रामनाथ इंटरनॅशनल विरुद्ध भारत सरकार या २००७ च्या निकालात अशा कलमाचा पूर्ण मान राखून ठेकेदाराचा दावा नाकारला गेला. एशियन टेक विरुद्ध भारत सरकार या २००९ च्या निकालात मात्र असे कलम खात्याच्या अधिकाऱ्यांचे हात बांधते, लवादाचे नाही, असे म्हटले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सिम्प्लेक्स काँक्रीट पाइल्सच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकून, करार कायद्याच्या कलम ५५ आणि ७३ ने दिलेला भरपाईचा हक्क मुळातून काढून घेणारी तरतूद सार्वजनिक धोरणाविरुद्ध आणि म्हणून रद्दबातल ठरते, असे मत दिले. त्यामुळे आपल्या कलमाचा नेमका मजकूर महत्त्वाचा आहे. त्यात कोणत्या कारणांची यादी आहे, 'जागा मोकळी करून न दिल्यामुळे' हे कारण तीत येते का, आणि मुदतवाढ हाच 'एकमेव' उपाय म्हटला आहे का, हे शब्दशः वाचून घ्या. यादीत जे कारण नाही त्यावर ती बंदी लागू होत नाही, असा युक्तिवाद करता येतो.

दुसरा अडथळा हमीपत्राचा. दबावाखाली लिहून घेतलेल्या हमीपत्राला कायद्यात आव्हान देता येते, पण दबाव होता हे काम संपल्यावर दोन वर्षांनी प्रथमच सांगितले तर त्यावर विश्वास बसत नाही. हमीपत्र दिल्यानंतर लगेच, निदान त्याच महिन्यात, 'बिल थांबवल्यामुळे नाइलाजाने सही केली आहे' असे एखादे पत्र आपण पाठवले होते का? नॉर्दर्न रेल्वे विरुद्ध सर्वेश चोप्रा या २००२ च्या निकालाचा रोखही याच दिशेचा आहे : मालकामुळे उशीर होत असताना ठेकेदाराने करार मोडीत न काढता काम चालू ठेवायचे ठरवले, तर वाढीव दर किंवा भरपाई द्यावी लागेल हे त्याने त्याच वेळी कळवलेले असले पाहिजे. सल्लागार अभियंत्यांच्या फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या नमुना करारांत तर घटना समजल्यापासून २८ दिवसांत सूचना दिली नाही तर दावा संपतो. आपल्या सरकारी करारांतही सूचनेची मुदत असते आणि ती कोणी वाचत नाही.

आता २१ लाखांकडे येऊ. हडसन सूत्र असे : निविदेत धरलेला कार्यालयीन खर्च व नफा यांचा टक्का, गुणिले कराराची रक्कम, भागिले मूळ मुदत, गुणिले विलंबाचा काळ. आपल्या बाबतीत ३ कोटी ६० लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला ३० लाखांचे काम, निविदेतील टक्का दहा धरल्यास त्याचे ३ लाख, आणि सात महिन्यांचे २१ लाख. गणित बरोबर आहे. मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हडसन, एम्डेन आणि आयकली या तिन्ही सूत्रांचा उल्लेख करून, यांपैकी कोणते वापरायचे हे लवादाने परिस्थिती पाहून ठरवावे, असे म्हटले. तेव्हापासून दाव्याच्या अर्जात सूत्र टाकायचे आणि खाली आकडा लिहायचा अशी पद्धतच पडून गेली.

सूत्रामागचे गृहीतक मात्र क्वचितच तपासले जाते. आपली माणसे आणि यंत्रे या कामावर अडकून पडली नसती, तर त्या सात महिन्यांत दुसरीकडे तेवढाच नफा आपण कमावला असता, असे हे सूत्र धरून चालते. ते आपल्या बाबतीत खरे आहे का? युनिब्रॉस विरुद्ध ऑल इंडिया रेडिओ या २०२३ च्या निकालात उशीर मालकामुळे झाला हे लवादाने मान्य केले होते, तरीही दुसरे काम हातचे गेले याचा विश्वासार्ह पुरावा नसल्यामुळे नफ्याच्या नुकसानीची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. त्याच वर्षी बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल विरुद्ध एचपीसीएल या प्रकरणात सूत्राच्या आंधळ्या वापरावर न्यायालयाने सविस्तर टीका केली. सूत्र कराराच्या रकमेवर चालते आणि त्या रकमेत कार्यालयीन खर्च व नफा आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे एकाच गोष्टीची दुहेरी मोजणी होण्याचा धोका आहे, हेही तेथे दाखवले गेले. त्या सात महिन्यांत आपण नाकारलेली एखादी निविदा, निविदा क्षमतेच्या हिशेबात हे काम शिल्लक दिसल्यामुळे अपात्र ठरल्याचे पत्र, किंवा आधीच्या तीन वर्षांची उलाढाल आणि त्या वर्षातील घट दाखवणारे ताळेबंद असतील, तर सूत्राला आधार मिळतो. नसतील तर २१ लाखांच्या मागे धावण्यात शक्ती घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी जागेवरचा प्रत्यक्ष खर्च मांडावा. तो लहान दिसतो, पण तो मिळतो. साइट इंजिनिअर आणि पहारेकरी यांचे सात महिन्यांचे पगार, बसून राहिलेल्या मिक्सरचे आणि खोदाई यंत्राचे भाडे, बँक हमीची मुदत वाढवताना बँकेने घेतलेले कमिशन, विम्याचा वाढीव हप्ता, साइट ऑफिसचे वीजबिल, आणि वाढीव काळात खरेदी केलेल्या सिमेंट व लोखंडाच्या पावत्यांवरून निघणारा दरफरक, यातील प्रत्येक ओळीला स्वतंत्र कागद असतो. करारात भाववाढीचे कलम नसले तरी मालकाच्या कसुरीमुळे काम लांबले असता वाढीव दर देण्याचा निवाडा के. एन. सत्यपालन विरुद्ध केरळ राज्य या २००७ च्या प्रकरणात उचलून धरला गेला आहे.

येथे एक प्रश्न आपल्याला हमखास विचारला जाईल : वाहिनी हलत नाही हे दिसल्यावर खोदाई यंत्र आपण सात महिने तेथेच का ठेवले? कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते ते विचारात घेतले जातात. पंपगृहाची बाजू मोकळी होती आणि तेथील काम आपण पुढे ढकलले, असे निघाले तर त्या काळाचे भाडे आपल्यालाच सोसावे लागेल.

पुढच्या कामासाठी एक नमुना देतो, कारण दावे बहुतेक वेळा अशा चार ओळींवर जिंकले जातात : 'टाकीच्या पायाच्या जागेवरून जाणारी वाहिनी आजअखेर हलवलेली नाही. त्यामुळे एक खोदाई यंत्र आणि सेंट्रिंगचे अकरा मजूर सोमवारपासून बसून आहेत. पंपगृहाचे काम चालू आहे. या काळाच्या खर्चाची मागणी करण्याचा हक्क राखून ठेवत आहोत.' असे पत्र ज्या दिवशी काम थांबते त्याच दिवशी उपअभियंत्याच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि हिंड्रन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या नोंदवहीत, तीच तारीख पडली आहे ना, हे पाहून सही करावी. त्या रजिस्टरमध्ये पुष्कळदा अडथळ्याची नोंद बिलाच्या वेळी एकगठ्ठा केली जाते आणि सगळ्या ओळी एकाच पेनने, एकाच दिवशी लिहिलेल्या दिसतात. उलटतपासणीत त्या नोंदींचे काय होते ते सांगायला नको. व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि संदेशही उपयोगी पडतात, पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे जुना फोन विकून टाकू नये.

दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. पत्रव्यवहार चालू आहे या समाधानात ती निघून जाते.

प्रश्न : मी बांधकाम सल्लागार अभियंता आहे. एका प्रकल्पात ठेकेदाराकडे मजूर नसल्यामुळे काम मागे पडले होते आणि त्याच सहा आठवड्यांत मालकाकडून लिफ्टच्या खड्ड्याचे नकाशेही आले नव्हते. दोघेही एकमेकांकडे भरपाई मागत आहेत. माझ्या अहवालात काय लिहावे?

उत्तर : प्रथम, दोन्ही उशीर खरोखर एकाच वेळी आणि एकाच मार्गावर होते का, हे तपासा. मजूर नसल्यामुळे कुंपणभिंत आणि आवारातील फरसबंदी रखडली असेल, तर त्या कामांना पुढे भरपूर सवड होती. इमारत पूर्ण होण्याची तारीख त्यांच्यामुळे हलली नाही. लिफ्टच्या खड्ड्याचा राफ्ट, म्हणजे तळाचा सलग काँक्रीटचा पाया, मात्र तळमजल्याच्या स्तंभांआधी पडावा लागतो, म्हणजे नकाशे न आल्यामुळे सगळा डोलारा थांबला. अशा वेळी उशिराचे कारण नकाशेच ठरतात. उलट, नकाशे आले असते तरी राफ्टचे लोखंड बांधायला टोळीच जागेवर नव्हती, असे मस्टरवरून दिसत असेल, तर खऱ्या अर्थाने समांतर विलंब आहे. त्यामुळे बार चार्टवर केवळ लाल रंग देऊन भागणार नाही. त्या सहा आठवड्यांच्या सुरुवातीला कोणते काम कोणावर अवलंबून होते, हे त्या तारखेच्या अद्ययावत वेळापत्रकावरून दाखवावे लागेल. काम सुरू होताना मंजूर झालेले मूळ वेळापत्रक त्या दिवसापर्यंत निरुपयोगी झालेले असते.

समांतर विलंब सिद्ध झाल्यास काय करावे, यासाठी आपल्या करार कायद्यात स्वतंत्र कलम नाही. इंग्लंडमधील सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ मध्ये काढलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला विलंबविषयक प्रोटोकॉल येथील लवादांपुढेही वारंवार मांडला जातो. त्याचा कल असा की ठेकेदाराला मुदतवाढ द्यावी, म्हणजे त्याच्यावर विलंबाची कपात बसणार नाही, पण लांबलेल्या काळाचा जो खर्च त्याला स्वतःच्या कसुरीमुळे एरवीही सोसावा लागला असता, तो त्याला देऊ नये. स्कॉटलंडच्या न्यायालयाने सिटी इन विरुद्ध शेफर्ड या २०१० च्या प्रकरणात मात्र विलंबाची वाटणी करण्याचा मार्ग स्वीकारला. मला पहिला मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो, कारण सहा आठवड्यांतील चार तुझे आणि दोन माझे ही वाटणी अखेर अंदाजानेच होते. आपल्या अहवालात निष्कर्षाइतकीच त्यामागची नोंद द्यावी. कोणत्या बाजूने आपले शुल्क दिले, हे लवादाला माहीत असतेच.

प्रश्न : करारात 'मुदत हे या कराराचे सार आहे' असे स्पष्ट लिहिले आहे. मुदत संपली त्याच दिवशी करार रद्द करून उरलेले काम दुसऱ्याला दिले आणि जादा खर्च पहिल्या ठेकेदाराकडून वसूल केला तर चालेल काय?

उत्तर : घाई करू नये. महाराष्ट्रातीलच उदाहरण आहे. नाशिक डाव्या कालव्यावरील जलसेतूच्या कामाचा करार शासनाने मुदतीच्या कारणावरून रद्द केला. मुदत हे कराराचे सार असल्याचे शब्द त्यात होते, पण त्यासोबत उशिरासाठी दंडाचे आणि मुदतवाढीचेही कलम होते. ज्या करारात उशीर झाल्यास दंड आणि कारण असल्यास मुदतवाढ अशी सोय आहे, तेथे दोन्ही पक्षांनी उशिराची शक्यता गृहीत धरलेली असते, म्हणून केवळ त्या शब्दांनी मुदत सार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात म्हटले. करार रद्द करण्यापूर्वी वाजवी अशी नवी मुदत देऊन, ती पाळली नाही तर करार रद्द होईल अशी नोटीस द्यायला हवी होती. ती न दिल्यामुळे रद्द करणेच बेकायदा ठरले. तसे झाले की भरपाई मागणारा मालक भरपाई देणारा होतो, कारण उरलेल्या कामावरील नफ्याचा दावा ठेकेदाराला मिळतो. ए. टी. ब्रिज पॉल सिंग विरुद्ध गुजरात राज्य या १९८४ च्या निकालात असा नफा उरलेल्या कामाच्या किमतीच्या १५ टक्के धरला गेला होता. आपण आधी नोटीस द्या, उरलेल्या कामाची दोन्ही बाजूंच्या सह्यांनी संयुक्त मोजणी करा, आणि मगच दुसऱ्याला कार्यादेश द्या.

प्रश्न : सदनिकेचा ताबा करारातील तारखेनंतर दोन वर्षे होऊनही मिळालेला नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पपूर्तीची पुढची तारीख आहे, म्हणून उशीर झालेलाच नाही, असे विकासक म्हणतो. करारात उशिरासाठी दर चौरस फुटाला महिन्याला पाच रुपये एवढीच भरपाई आहे.

उत्तर : विकासकाचे म्हणणे मान्य करू नका. नोंदणीच्या वेळी विकासकाने जाहीर केलेली नवी तारीख ग्राहकाशी झालेल्या करारातील ताब्याची तारीख बदलत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले आहे. आपली तारीख करारातील तारीख हीच.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायदा, याचे कलम १८ आपल्याला दोन पर्याय देते. प्रकल्पातून बाहेर पडून भरलेली रक्कम व्याजासह परत घेता येते, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज घेता येते. महाराष्ट्रात या व्याजाचा दर भारतीय स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च सीमांत दरापेक्षा दोन टक्के अधिक असा नियमांनी ठरवलेला आहे. पहिल्या प्रश्नातील संस्थेला जे करावे लागते ते येथे करावे लागत नाही : या व्याजासाठी नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही. ताब्यास विलंब झाल्यावर परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात २०२१ मध्ये सांगितले. करारातील पाच रुपयांच्या कलमाने आपण बांधले जात नाही. ग्राहकाला हप्ता चुकल्यास जबर व्याज आणि विकासकाला उशीर झाल्यास नाममात्र भरपाई, अशा एकतर्फी अटी पायोनियर अर्बन प्रकरणात २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या आहेत, आणि रेरा कायद्यात दोघांसाठी व्याजाचा दर एकच आहे.

दोन वर्षे घरभाडे भरले, त्याची वेगळी भरपाई मागायची असेल, तर तिचा निर्णय न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे होतो आणि तेथे भाडेकरार, बँकेचे उतारे असा पुरावा द्यावा लागतो. ताबा घेताना 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशा छापील पत्रावर सही मागितली जाईल. सही करण्यापूर्वी व्याजाचा हक्क राखून ठेवत असल्याचे त्याच कागदावर हाताने लिहा, आणि तसे लिहू दिले नाही तर त्याच दिवशी ईमेल पाठवा.

प्रश्न : ठेकेदाराच्या बिलातून विलंबाची रक्कम कापली, तर त्या रकमेवर आम्हाला जीएसटी भरावा लागेल काय?

उत्तर : नाही. उशीर 'सहन करण्याची' सेवा मालकाने दिली असे मानून पूर्वी अशा कपातींवर कर मागितला जात असे. अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये, कराराच्या भंगाबद्दल नुकसान भरून काढण्यासाठी मिळणारी रक्कम हा कोणत्याही सेवेचा मोबदला नाही, असे स्पष्ट केले आहे. ही कपात कशाबद्दल आहे, किती दिवसांची आहे आणि करारातील कोणत्या कलमाखाली आहे, हे बिलासोबतच्या पत्रात स्वतंत्रपणे लिहा. केवळ 'इतर वजावट' असे लिहिल्यास कर अधिकाऱ्याला आणि ठेकेदाराला, दोघांनाही प्रश्न विचारायला जागा राहते.